राजा ठरवतो, सरकार उत्तर देतं : मोरोक्कोचं राजकारण

मंडळी, नमस्कार.

२०२५च्या सप्टेंबरअखेर मोरोक्कोत विशी-बाविशीतली पोरं रस्त्यावर उतरली. त्यांना ना पक्ष होता, ना पुढारी. डिस्कॉर्ड म्हणून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांचं गप्पा मारायचं अ‍ॅप आहे, त्यावर त्यांनी ‘जेन-झी २१२’ नावाचा गट काढला. २१२ हा त्या देशाचा टेलिफोन कोड. निमित्त अगादीरच्या सरकारी रुग्णालयाचं होतं. तिथे थोड्या दिवसांत आठ बायका बाळंतपणात दगावल्या होत्या. आणि त्याच वेळी देशात २०३०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी भलीथोरली स्टेडियम उभी राहत होती. पोरांचा सवाल सरळ होता : स्टेडियम दिसतायत, दवाखाने कुठे आहेत? अगादीरजवळ सुरक्षा दलाच्या गोळीबारात तिघे मेले, शेकड्यांनी धरपकड झाली.

मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या मुलांनी एक मागणीपत्र काढलं. ते पंतप्रधानांच्या नावे नव्हतं, संसदेच्याही नव्हतं. ते राजाच्या नावे होतं आणि त्यातली मुख्य मागणी होती, हे सरकार घरी पाठवा. १० तारखेला संसदेचं अधिवेशन सुरू करताना राजाचं भाषण व्हायचं होतं, तर त्या दिवशी राजाचा मान म्हणून त्यांनी निदर्शनंही थांबवली.

आता यात मेख अशी, की विश्वचषक हा राजवाड्याच्या प्रतिष्ठेचा विषय आहे आणि हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी राग सरकारवर आणि गाऱ्हाणं राजाकडे. आपल्याला वाटेल, मुलं भाबडी असतील. तसं नाही. त्या देशाची बांधणीच अशी आहे, की ठरवायचं राजवाड्याने आणि उत्तर द्यायचं सरकारने. ही बांधणी आली कुठून, ती चालते कशी आणि तिच्यात भरडलं कोण जातं, एवढंच आज मला सांगायचं आहे. फुटबॉलबद्दल मला काही कळत नाही, त्यामुळे ते आता संपलं.

मराठी माणसाला हा कारभार समजायला एक सोपी खूण आहे. शाहू महाराजांच्या पश्चात गादी साताऱ्याला राहिली आणि कारभार पुण्याला गेला. पेशव्याने वस्त्रं छत्रपतींकडून घ्यायची, पण मोहीम, तह, महसूल सगळं ठरायचं शनिवारवाड्यात. मोरोक्कोत याच्या नेमकं उलट आहे. वस्त्रं देणारा आणि कारभार हाकणारा एकच. प्रधान फक्त वस्त्रं घेतो.

हे घराणं अलवी. सतराव्या शतकापासून गादीवर आहे आणि आपण प्रेषित मोहम्मदांच्या वंशातले आहोत असं सांगतं. जुन्या काळी सुलतानाचा अंमल सगळीकडे सारखा नव्हता. मैदानी मुलूख आणि शहरं कर भरायची, डोंगरातल्या टोळ्या त्याला धर्माचा प्रमुख मानायच्या पण कर द्यायच्या नाहीत. सुलतानाच्या या सगळ्या यंत्रणेला, म्हणजे दरबार, फौज, वसुली, मर्जीतले सरदार यांना मिळून तिथे ‘मखझन’ म्हणतात. हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. चहाच्या टपरीवर कुणी ‘मखझनला हे नको आहे’ म्हणालं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही.

१९१२च्या फेजच्या तहाने फ्रान्सने देश ताब्यात घेतला. उत्तरेची पट्टी स्पेनकडे गेली. पहिला फ्रेंच रेसिडेंट-जनरल ल्योते हा हुशार माणूस. त्याने सुलतानाची गादी मोडली नाही, सुलतानाच्याच शिक्क्याने राज्य केलं. कोल्हापूर-बडोद्याला रेसिडेंट बसवून इंग्रजांनी जे केलं त्याच जातीचा हा प्रकार. पण एक परिणाम वेगळा झाला. पूर्वी ज्या डोंगरांत सुलतानाची वसुली पोचत नव्हती, तिथे फ्रेंच फौजांनी १९३४पर्यंत त्याच्याच नावाने अंमल बसवला. फ्रेंच निघून गेले तेव्हा जुन्या सुलतानांना कधी मिळालं नव्हतं एवढं एकसंध राज्य राजाच्या हाती आयतं आलं.

आणि ते जाता जाता त्यांनी राजाला आणखी एक देणगी दिली. पाचवा मोहम्मद स्वातंत्र्यवाद्यांच्या बाजूने झुकतोय म्हणून ऑगस्ट १९५३मध्ये त्यांनी त्याला पदच्युत करून आधी कॉर्सिकाला आणि मग मादागास्करला नेऊन ठेवलं. तोपर्यंत तो एक सुलतान होता, त्या दिवसापासून हुतात्मा झाला. लोकांना चंद्रात त्याचा चेहरा दिसू लागला. गच्चीवर उभे राहून माणसं एकमेकांना दाखवत होती. नोव्हेंबर १९५५मध्ये तो परत आला आणि मार्च १९५६मध्ये देश स्वतंत्र झाला.

आपल्याकडे स्वातंत्र्याची पुण्याई काँग्रेसच्या पदरात पडली. तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचा पक्ष इस्तिकलाल. १९४४च्या जानेवारीत याच पक्षाने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. त्यांची अटकळ होती, की राजा मानाचा राहील आणि आपण कारभार करू. म्हणजे त्यांना सातारा-पुणे हवं होतं. पण पुण्याई चंद्रातल्या चेहऱ्याकडे गेली होती. त्यात १९५९मध्ये पक्ष फुटला आणि डावा गट मेहदी बेन बर्काबरोबर बाहेर पडला. राजवाड्याने शिताफीने खेड्यातल्या जमीनदारांना आणि बर्बर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलखातल्या मातब्बरांना हाताशी धरलं. एक पक्ष मोठा होऊ द्यायचा नाही, अनेक असू द्यायचे, हे सूत्र तेव्हाचं. एकपक्षीय राजवट घटनेनेच निषिद्ध केली. वाचायला किती लोकशाहीवादी कलम! शेजारी अल्जीरिया-ट्युनिशियात पक्षाने देश गिळला, इथे पक्षाने राजाला गिळू नये याची ती तजवीज होती.

१९६१मध्ये दुसरा हसन गादीवर आला. याच्याबद्दल तासभर बोलता येईल, पण मी आवरतो. फ्रेंच विद्यापीठातून कायदा शिकलेला, बोलण्यात पटाईत आणि तितकाच निष्ठुर. पहिली घटना १९६२ची. ती कुठल्याही घटना समितीने केली नाही, राजाने करवून घेतली आणि लोकांसमोर हो-नाहीसाठी ठेवली. ही रीत आजतागायत चालू आहे. १९६५च्या मार्चमध्ये कासाब्लांकात शाळकरी पोरांचं आंदोलन पेटलं. वय वाढलेल्या मुलांना माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात जाऊ द्यायचं नाही, असं परिपत्रक त्याच्या मुळाशी होतं. लष्कराने ते चिरडलं. त्यानंतरच्या भाषणात राजा शिक्षकांना उद्देशून अशा अर्थाचं बोलला, की तुम्ही निरक्षर असता तर बरं झालं असतं. जूनमध्ये त्याने संसद गुंडाळली आणि पाच वर्षं आणीबाणीसारखी राजवट चालवली. ऑक्टोबरमध्ये बेन बर्का पॅरिसच्या भर रस्त्यातून पळवला गेला. त्याचा देह आजवर सापडलेला नाही.

मग लष्कर उलटलं. १० जुलै १९७१ला स्खिरातच्या राजवाड्यात राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीवर लष्करी छात्रांनी गोळीबार केला. पाहुणे मेले, राजा वाचला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सहून परतणाऱ्या त्याच्या बोइंगवर त्याच्याच हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी मारा केला. राजा पुन्हा वाचला. कटाचा सूत्रधार निघाला जनरल उफकीर, कालपर्यंत विरोधकांना चिरडणारा राजाचा उजवा हात. पकडलेल्या अधिकाऱ्यांपैकी अठ्ठावन्न जणांना ताझमामार्त नावाच्या गुप्त तुरुंगात डांबलं. त्यातले जवळपास निम्मे तिथेच मेले. असा तुरुंग अस्तित्वातच नाही, असं सरकार १९९१पर्यंत सांगत होतं. या काळाला मोरोक्कोचे लोक शिशाची वर्षं म्हणतात.

इथून गादी सावरली ती सहारामुळे. दक्षिणेला स्पेनच्या ताब्यात पश्चिम सहारा होता आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मृत्युशय्येवर होता. ६ नोव्हेंबर १९७५ला साडेतीन लाख नि:शस्त्र माणसं हातात कुराण आणि झेंडे घेऊन सीमा ओलांडून चालत गेली. हाच हिरवा मोर्चा. आठवड्याभरात स्पेनने करार केला. स्थानिक सहरावींची पोलिसारिओ संघटना अल्जीरियाच्या मदतीने सोळा वर्षं लढली, १९९१मध्ये युद्धबंदी झाली, सार्वमताचं आश्वासन कागदावर राहिलं. आपल्या भारताने १९८५मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २०००मध्ये काढून घेतली. मोरोक्को फॉस्फेटचा जगातला बडा धनी आहे. आपला शेतकरी डीएपीची जी गोणी घेतो तिच्यातलं फॉस्फेट पुष्कळदा तिकडून येतं. मान्यता त्याच हिशेबाने काढली असं मी म्हणत नाही, पण हिशेब समोर नव्हता असंही म्हणवत नाही.

देशांतर्गत परिणाम असा झाला, की कालचे विरोधक सहाराच्या प्रश्नावर राजामागे उभे राहिले. तेव्हापासून तिथे तीन विषयांना हात लावायचा नाही : धर्म, राजा आणि सहारा. बाकी वृत्तपत्रं बरंच काही छापतात. मंत्र्यांची तर पार सालं काढतात.

आता पक्षांकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

नव्वदच्या दशकात दुसरा हसन थकला होता, आजारी होता. शीतयुद्ध संपलं होतं आणि पाश्चात्त्य देश मानवाधिकारांबद्दल विचारू लागले होते. गादी मुलाकडे सुखरूप जावी म्हणून त्याने जुन्या विरोधकालाच जवळ केलं. अब्दुर्रहमान युसुफी हे समाजवादी पक्षाचे नेते, तुरुंग आणि परदेशातला अज्ञातवास दोन्ही भोगलेले. १९९८मध्ये ते पंतप्रधान झाले. लोकांना खरोखर वाटलं, दिवस पालटले. जुलै १९९९मध्ये हसन वारला, सहावा मोहम्मद गादीवर आला आणि त्याने वीस वर्षं गृहखातं सांभाळणाऱ्या द्रिस बसरीला काही महिन्यांतच नारळ दिला. युसुफींनी गादीचा प्रवास सुखरूप करून दिला. २००२च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ५० जागांसह पहिला आला. राजाने पंतप्रधान नेमला तो कुठल्याच पक्षाचा नसलेला, उद्योग आणि प्रशासनातला माणूस, द्रिस जेत्तू. घटनेत त्याला अडवणारं काहीच नव्हतं. युसुफी राजकारणातून निवृत्त झाले. त्यांचा पक्ष मात्र सत्तेत राहिला आणि आक्रसत गेला. २०१६मध्ये ३९५च्या सभागृहात त्याला २० जागा मिळाल्या.

पुढे पाहा, हाच खेळ दुसऱ्यांदा कसा झाला.

२०११च्या सुरुवातीला ट्युनिशिया आणि इजिप्तची वादळं आली. मोरोक्कोत २० फेब्रुवारीला मोर्चे निघाले. राजाने वाट पाहिली नाही. ९ मार्चला भाषण करून नवी घटना देतो म्हणाला, समिती स्वतः नेमली, १ जुलैला सार्वमत घेतलं. सरकारी आकडा ९८ टक्क्यांवर होकाराचा. एवढा आकडा पाहिला की मला तरी आनंद होत नाही. पण घटना टाकाऊ नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. बर्बरांची अमाझिग भाषा अधिकृत झाली. राजाच्या व्यक्तीला आधी ‘पवित्र’ म्हटलं होतं, तो शब्द गेला, ‘अनुल्लंघनीय’ तेवढं राहिलं. आणि ४७व्या कलमात आलं, की निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षातूनच राजाने सरकारप्रमुख, म्हणजे पंतप्रधान, नेमावा. युसुफींच्या वेळी जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून हे कलम.

पण मंत्र्यांच्या बैठका दोन प्रकारच्या ठेवल्या. एक सरकार परिषद, तिचा अध्यक्ष सरकारप्रमुख. दुसरी मंत्रिपरिषद, तिचा अध्यक्ष राजा. राज्याची धोरणात्मक दिशा, घटनादुरुस्ती, लष्करी बाबी, वाली म्हणजे प्रांतांचे प्रमुख, राजदूत, बड्या सरकारी कंपन्यांचे प्रमुख, हे सगळं दुसऱ्या बैठकीत. ती बैठक कधी बोलवायची हे मुख्यतः राजवाड्यावर. शिवाय गृह, परराष्ट्र, धर्म आणि संरक्षण ही खाती ‘सार्वभौमत्वाची’ मानतात. तिथे बहुतेक पक्षाबाहेरची, राजाच्या विश्वासातली माणसं बसतात. धर्मखात्याचे अहमद तौफिक २००२पासून तिथे आहेत. इतिहासकार आहेत, कादंबऱ्याही लिहितात. सरकारं आली नि गेली, ते आहेत.

धर्माचं जरा थांबून सांगतो. राजा घटनेनेच ‘अमीर अल-मुअमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा अधिपती आहे. उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, सर्वोच्च परिषदेचा अध्यक्ष तोच. हे शोभेचं पद नाही. २००० साली कुटुंब कायद्यातल्या सुधारणांवरून एकाच दिवशी राजधानी रबातमध्ये समर्थकांचा आणि कासाब्लांकात विरोधकांचा प्रचंड मोर्चा निघाला. विरोधकांचा मोठा होता. सरकार गांगरलं, विषय राजाकडे गेला. मग २००३च्या मे महिन्यात कासाब्लांकात बॉम्बस्फोट झाले आणि धर्मवाद्यांचा आवाज काही काळ खाली आला. त्या शरदात राजाने संसदेत सुधारणा मांडल्या, कुराण-हदीसचे दाखले देत. मुलींचं लग्नाचं वय अठरा झालं, बायको नवऱ्याच्या आज्ञेत राहील ही अट गेली. न्यायाधीशाच्या परवानगीने अल्पवयीन लग्नाची फट ठेवली आणि ती भरपूर वापरली गेली, ते वेगळं. पण धर्माच्या नावाने विरोध करणाऱ्याला धर्माचा अधिपतीच समोर आल्यावर बोलायला जागा उरत नाही. पुरोगाम्यांनी टाळ्या वाजवल्या. एका गोष्टीची मात्र त्यांनाही सवय लागली : संसदेत हरणारी बाजू राजवाड्यात जिंकता येते.

शिशाच्या वर्षांचा हिशेब मांडतानाही असंच झालं. २००४मध्ये राजाने न्याय आणि समेट आयोग नेमला. अध्यक्ष द्रिस बेनझेक्री, जे स्वतः सतरा वर्षं तुरुंगात होते. पीडितांच्या साक्षी दूरचित्रवाणीवर झाल्या. आईने मुलाबद्दल, कैद्याने अंधारकोठडीबद्दल सांगितलं. अरब जगात असं आधी झालं नव्हतं. अट एकच होती : छळ करणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत. भरपाई मिळाली, खटला कुणावर नाही.

तर २०११कडे परत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत न्याय आणि विकास पक्ष, म्हणजे मवाळ इस्लामवादी, १०७ जागा घेऊन पहिला आला. तिथेही आपल्यासारखी निवडणूक चिन्हं आहेत. यांचा दिवा, इस्तिकलालचा तराजू, समाजवाद्यांचं गुलाब, राजवाड्याच्या जवळचा मानला जाणारा ‘पाम’ पक्ष, त्याचा ट्रॅक्टर, आणि उद्योगपतींचा आरएनआय, त्याचं कबुतर. पाम पक्षाच्या स्थापनेमागे फुआद अली एल हिम्मा होते. राजाचे शाळासोबती. पुढे ते राजाचे सल्लागार झाले.

दिवावाल्यांचे नेते बेनकिराने सरकारप्रमुख झाले. म्हणजे फर्डा गडी. दारिजा बोलीत, म्हणजे रोजच्या भाषेत, कोट्या करत, मध्येच डोळ्यांत पाणी आणत बोलायचे. राजाविरुद्ध अवाक्षर नाही. त्यांच्या भाषणातले खलनायक असायचे ‘मगरी आणि भुतं’, म्हणजे कारभारात दडलेले अडवणारे लोक. लोक हसायचे, कारण मगरी कुठल्या तळ्यात राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेट्रोल-डिझेलवरचं अनुदान काढलं, निवृत्तीचं वय वाढवलं. ही कडू औषधं राजवाड्याला हवीच होती, पाजणारा हात त्यांचा. तरी २०१६च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या जागा वाढून १२५ झाल्या. सत्तेत राहूनही न झिजणारा पक्ष, हे त्या व्यवस्थेला नवीन होतं.

पुढचे पाच महिने बेनकिरानेंना सरकार बनवता आलं नाही. आरएनआयचे नवे अध्यक्ष अझीझ अखन्नूश, पेट्रोल पंपांच्या साखळीचे मालक, देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, त्यांनी अटी घातल्या : अमका पक्ष घेऊ नका, तमका घ्याच. ४७व्या कलमात पहिल्या पक्षाला बोलवा म्हटलंय, पण त्याला बहुमत जुळलं नाही तर काय, हे म्हटलेलं नाही. मार्च २०१७मध्ये राजवाड्याने त्यांना बाजूला केलं आणि त्याच पक्षातले सादेद्दीन ओथमानी यांना नेमलं. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, स्वभावाने मऊ. सगळ्या अटी मान्य होऊन आठ-दहा दिवसांत आघाडी जुळली.

मग ओथमानींच्या पक्षाला एकेक घास गिळावा लागला. अरबीचा कैवारी पक्ष, त्याच्या सरकारात शाळेत विज्ञान फ्रेंचमधून शिकवायची वाट मोकळी झाली. धर्मनिष्ठांचा पक्ष, त्याच्या काळात औषधी वापरासाठी गांजाची शेती कायदेशीर झाली. आणि पॅलेस्टाइनसाठी आयुष्यभर घोषणा दिलेला पक्ष. डिसेंबर २०२०मध्ये ट्रम्प यांनी सहारावर मोरोक्कोचा हक्क मान्य केला, बदल्यात इस्रायलशी संबंध जोडायचे ठरले. रबातमध्ये राजासमोर झालेल्या समारंभात संयुक्त घोषणेवर मोरोक्कोतर्फे सही केली ओथमानींनी. परराष्ट्र धोरण ज्यांच्या हातात कधीच नव्हतं, त्यांची सही.

त्याच सुमारास निवडणुकीचा हिशेबही बदलला. हे किचकट आहे, पण मला यात फार रस आहे, तेव्हा दोन मिनिटं द्या. तिथे एका मतदारसंघातून अनेक जागा असतात. एका जागेला किती मतं हा कोटा आधी पडलेल्या मतांवर काढत, आता नोंदलेल्या मतदारांवर. समजा नोंदलेले एक लाख, मतदान पन्नास हजार, जागा चार. चार पक्षांना अनुक्रमे २४, १०, ९ आणि ७ हजार मतं. जुना कोटा साडेबारा हजार. पहिल्याची एक जागा कोट्याने आली आणि उरलेल्या साडेअकरा हजारांवर दुसरीही. त्याला दोन, पुढच्या दोघांना एकेक, चौथा कोरडा. नवा कोटा पंचवीस हजार. तो कुणीच गाठत नाही, मग उरलेल्या मतांच्या क्रमाने चौघांना एकेक. चोवीस हजारांची किंमत सात हजारांएवढीच! मोठ्या पक्षाचं डोकं उडवायला याहून स्वच्छ सुरी नाही. गंमत म्हणजे सप्टेंबर २०२१मध्ये तिची गरजच पडली नाही. दिवावाल्यांची मतंच आटली होती. १२५वरून १३. अखन्नूश १०२ जागांसह सरकारप्रमुख झाले.

मघाशी मध्यंतरात एका बाईंनी विचारलं, की लोक सरकारला भेटतात तरी कुठे? चांगला प्रश्न आहे. वस्तीत भेटतो तो मुकद्दम. गल्लीगल्लीत गृहखात्याचा हा शेवटचा माणूस असतो. रहिवासाचा दाखला हवा असेल, कुणी खोली भाड्याने घेतली असेल, कुणाकडे दाढीवाले पाहुणे आले असतील, सगळं त्याला माहीत. त्याच्यावर शेख, मग खेड्यात काइद आणि शहरात पाशा, मग गव्हर्नर, मग वाली. ही सगळी उतरंड नेमलेली. तिच्या शेजारी निवडून आलेले नगराध्यक्ष आणि प्रांतिक परिषदा आहेत. २०१५पासून बारा प्रांतांच्या परिषदांवर थेट निवडणूक होते. पण पाण्याची पाइपलाइन अडली की लोक कुणाकडे जातात ते पाहा. वालीकडे. कोविडच्या टाळेबंदीत रस्त्यावर उभे राहून लोकांना घरी पाठवणाऱ्या काइदांचे व्हिडिओ घरोघर पाहिले गेले, नगरसेवकांचे नाही.

आणि वरचा माणूस कधीकधी खालच्यांना शिक्षा करतो, तेही जाहीरपणे. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेत अल होसेमा गावी एका मासेविक्रेत्याचा जप्त केलेला माल कचऱ्याच्या गाडीत टाकला. तो वाचवायला तो आत चढला आणि यंत्रात चिरडून मेला. रीफ डोंगरात सात-आठ महिने आंदोलन चाललं. रोजगार, कर्करोगाचं रुग्णालय, विद्यापीठ अशा मागण्या होत्या. नेता नासेर झेफझाफी, त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. आणि २०१७च्या ऑक्टोबरमध्ये राजाने तिथले प्रकल्प रखडवल्याबद्दल मंत्र्यांना काढून टाकलं. म्हणजे आंदोलकांची तक्रार खरी होती हे राजवाड्यानेच मान्य केलं! मंत्री घरी गेले, तक्रार करणारा तुरुंगातच राहिला.

आता २०२५च्या पोरांकडे पाहा. ऑक्टोबरात राजाच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिपरिषदेत पुढच्या वर्षी आरोग्य आणि शिक्षणावर १४० अब्ज दिऱ्हाम खर्च करायचं ठरलं. पस्तिशीच्या आतल्या उमेदवारांना निवडणुकीसाठी सरकारी मदत देण्याची तरतूदही आली. सरकार मात्र बरखास्त झालं नाही, निवडणूक २०२६च्या सप्टेंबरात व्हायचीच होती. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी सुरक्षा परिषदेने सहारासाठी मोरोक्कोच्या स्वायत्ततेच्या योजनेला चर्चेचा आधार मानणारा ठराव केला आणि रस्त्यांवर पुन्हा झेंडे आले, या वेळी आनंदाचे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साठच्या दशकात राजवाड्याने पक्ष मोडले. नंतर तो पक्ष वापरायला शिकला. समाजवादी वापरून झाले, इस्लामवादी वापरून झाले, उद्योगपतींचाही तोंडवळा आता उतरलाय. प्रत्येक वेळी लोकांचा राग अडवणारी एक भिंत झिजली. २०११च्या मोर्चांत निदान डावे पक्ष, इस्लामी संघटना, कामगार संघटना होत्या, बोलणी कुणाशी करायची हे राजवाड्याला ठाऊक होतं. या पोरांचा प्रतिनिधी कोण? डिस्कॉर्डवरचं एक टोपणनाव. राजा आणि रस्ता यांच्यामध्ये आज मोरोक्कोत फारसं कुणी उभं नाही, आणि ते राजवाड्याच्या आजवरच्या यशातूनच झालंय.

शेवटी, चिठ्ठीवर कुणीतरी विचारलंय : राजालाच वाटलं तर तो अधिकार सोडू शकतो का? शकतो. घटनादुरुस्ती सुचवण्याचा हक्क त्याला आहे. काही दुरुस्त्या तो सार्वमत न घेता दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनीही करून घेऊ शकतो. पण १७५व्या कलमात काय बदलता येणार नाही याची यादी आहे : इस्लाम, राजेशाही, आणि त्यांच्याच रांगेत ‘राष्ट्राने केलेली लोकशाहीची निवड’ आणि मिळालेले मूलभूत हक्क. राजेशाहीवाले या कलमाची पहिली ओळ वाचून दाखवतात. पण दुसरीही वाचता येते. दोन्ही गोष्टी सारख्याच अढळ असतील तर एकीसाठी दुसरी कायम का वाकावी, याचं उत्तर घटना न्यायालयाने एकदा द्यावं. तसा खटला अजून उभा राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.